कळशी वर का धरतात

“पण तिथे विहीर होती याला पुरावा काय?” सुचित्रा मॅडमनी विचारलं, आणि पर्लच्या तोंडून निघून गेलं, “आम्ही तिथे थांबतो ना.” मुलाखतीत असं बोलायचं नसतं. मुलाखतीत साधनं सांगायची असतात, पद्धत सांगायची असते, अगदीच काही सुचलं नाही तर ‘यावर अधिक संशोधनाची गरज आहे’ म्हणून पाण्याचा ग्लास उचलायचा असतो. पर्लला हे सगळं पाठ होतं. आजवर इतक्या मुलाखती दिल्या होत्या की मंडळी आत कुठल्या क्रमाने बसतात तेही तिला ठाऊक झालं होतं. तरीसुद्धा दादरच्या त्या संशोधन केंद्राच्या लांबट खोलीत ते वाक्य निघून गेलं. मग मधल्या खुर्चीतले अध्यक्ष हसले. वाईट नाही हसले, लहान मुलाने मोठ्या माणसासारखं काही म्हटलं की हसतात तसे. सुचित्रा मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “पर्ल, तुमची कल्पना मला आवडलीय. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मिरवणूक पाण्याला जाते, ती जिथे थांबते तिथे जुनी विहीर असणार, आणि अशा थांब्यांवरून गिरगावातल्या बुजलेल्या विहिरी शोधायच्या. छान आहे. पण निदान तुमच्या स्वतःच्या वाडीतली एक तरी विहीर पक्की करून दाखवा. सोमवारी सकाळपर्यंत दोन पानांचं टिपण पाठवा. मग या पदाचं ठरवू.” पद दोन वर्षांचं होतं. प्रादेशिक इतिहासातलं संशोधन, जोडीला आठवड्यातून थोडं शिकवणं, आणि दारावर नाव. कायम नव्हे, पण दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं.

जिना उतरताना पर्लला त्या उत्तराची लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं. खरंच, आपण तिथेच का थांबतो? बिंबलवाडीतली तिच्या ख्रिस्ती घरची प्रत्येक मिरवणूक त्याच एका जागी थांबत आली होती. ठाकूरद्वारच्या मागच्या बाजूने वाडीत शिरलं की डाव्या हाताला तिच्या मावशीचं कौलारू घर, समोर भाग्यवंत चाळ, आणि चाळीच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीखाली ती जागा. तिथे ना कठडा, ना दगड, ना क्रॉस. आता तर दोन स्कूटर उभ्या असतात आणि लग्न असलं की त्या आदल्या दिवशी बाजूला घ्याव्या लागतात. लहानपणी ती पपांच्या खांद्यावरून हे सगळं बघायची. पपा, म्हणजे इग्नेशियस, वाडीतले एकमेव असे गृहस्थ की ज्यांना मिरवणुकीत नाचायला लाज वाटत असे. म्हणून मुलगी खांद्यावर घ्यायची, म्हणजे नाचावं लागत नाही. त्या उंचीवरून तिला बायकांच्या कळशा दिसायच्या. तिथे पोचलं की बँड थांबायचा, बायका लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढायच्या आणि रिकाम्या कळशा दोन्ही हातांनी वर धरायच्या. बराच वेळ धरायच्या. मग खाली घ्यायच्या, जमिनीवर तांदूळ टाकायचे, थोडी दारू शिंपडायची, आणि पाणी भरायला वाडीच्या तोंडाशी असलेल्या नळावर जायचं. विहीर गेली म्हणून नळ, असं सगळे म्हणत. विहीर कुठे होती असं विचारलं तर पायाखाली बोट दाखवत. पर्लने पीएचडी केली, प्रबंध लिहिला, त्यात या थांब्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, आणि त्या बोटाच्या पलीकडे बघावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी परळच्या कॉलेजात तिचा तास होता. या कॉलेजात ती तासिका तत्त्वावर होती, म्हणजे फळ्यासमोर उभी असेल तेवढा वेळच प्राध्यापक; घंटा वाजली की कोणीच नाही. स्टाफरूममध्ये तिचं कपाट नव्हतं, म्हणून पिशवी कायम खांद्याला. पोरांनाही कुठून तरी कळलेलं असतं. मागच्या वर्षी एका मुलीने फार मायेने विचारलं होतं, “मिस, तुम्ही पुढच्या सेमला असाल ना? की दुसरं कोणी येईल?” पर्लने हसून “बघू या” म्हटलं होतं आणि त्या दिवशी घरी जाऊन पुस्तकांची धूळ झटकत बसली होती, उगाचच, संध्याकाळ होईपर्यंत. आजचा तास संपल्यावर तिने स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या सर्व्हेच्या नकाशाची प्रत पसरली. ही प्रत तिच्याकडे कितीतरी दिवस होती. प्रबंधाच्या शेवटी ती छापायची होती, म्हणून मिळवली होती. पण छापायची वस्तू माणूस नीट बघतोच असं नाही. बिंबलवाडी सापडली. कौलारू घरं सापडली. चाळीच्या जागी तेव्हाही चाळच होती. आणि गॅलरीखालची ती जागा कोरी होती. विहिरीचं बारीक वर्तुळ होतं ते वाडीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे आता सात मजली पार्किंग आहे तिथे. पर्लने प्रत उलटी धरून पाहिली, दुसऱ्या शीटला जोडून पाहिली. वर्तुळ तिथेच राहिलं.

स्वप्नील शेजारीच वड्याचा कागद चुरगळत बसला होता. तोही तासिकेवरचाच, गिरणगावातल्या व्यायामशाळांवर काम करणारा, आणि पदांच्या बाबतीत पुरता पोळलेला. त्याने मान वाकडी करून नकाशा बघितला. “मग? यात रडण्यासारखं काय आहे?”

“रडत नाहीये रे. विहीर इथे नव्हतीच.”

“तू सांगितलंस त्यांना?”

“आत्ता तर मला कळलं.”

“मग तुला कळलंच नाही असं समज.” स्वप्नीलने कागद टोपलीत टाकला, तो बाहेर पडला. “हे बघ, लोक म्हणतात विहीर, तू म्हणतेस विहीर, मॅडमना हवीय विहीर. नकाशे चुकतात. सर्व्हेवाला त्या दिवशी आंबे खायला गेला असेल. ‘मौखिक परंपरा ठाम आहे’ असं लिही आणि पोस्ट घे. कोण खणायला येणार आहे पार्किंगच्या आणि चाळीच्या मध्ये?”

तो तिच्या भल्यासाठीच बोलत होता आणि चुकीचंही बोलत नव्हता. असे दोन पानांचे सावध मजकूर पर्लला झोपेतही लिहिता आले असते. पण खरं सांगायचं तर तिला घाम फुटायला हवा होता त्या वेळी तिला गंमत वाटत होती. आपल्या घरच्या बायका पिढ्यान्पिढ्या, नटूनथटून, बँड लावून, चुकीच्या जागी थांबत होत्या? विल्मा मावशी? टॅक्सी एक गल्ली चुकली तर जी टॅक्सीवाल्याला वाडीपर्यंत ऐकवत आणते, ती? विहीर पार तिकडे असताना मिरवणूक अर्ध्यातच थांबायला सुरुवात झाली कधी, आणि का? काहीतरी तिथे असलं पाहिजे. माणसं रिकाम्या जागी थांबत नाहीत. आणि मग तिला आठवलं की आज शुक्रवार. उद्या मावसभाऊ ब्रेंडनचं लग्न, म्हणजे आज संध्याकाळीच पाणी. आपण बसमध्ये उभ्याने गिरगावात कधी पोचलो हे तिला कळलं नाही. वाटेत लालबागच्या पुलावरून बस जात असताना तिने खिडकीच्या धुळीवर बोटाने एक वर्तुळ काढलं आणि मागच्या बाईने बघितलं म्हणून पुसून टाकलं.

मावशीच्या घरी फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळण्याचा वास सगळीकडे भरला होता. विल्मा मावशी आरशासमोर लुगड्याच्या निऱ्या बसवत होती आणि एकीकडे आतल्या बायकांना ओरडत होती. या वयातही तिचा आवाज मिरवणुकीच्या शेवटच्या माणसापर्यंत जातो. पर्लने तिची पिन धरली आणि मुलाखतीचं काही न सांगता विचारलं, “मावशी, विहीर नक्की तिथेच होती?”

“हो मग. कुठे असेल?”

“तू बघितलीस?”

“मी कशी बघणार? माझ्या मायने पन नाय बघितली. मच्छर होतात म्हणून बुजवली ना गोऱ्या सायबाने.” मावशीने पिन तोंडात धरली आणि तशीच बोलत राहिली. “पन माझी माय तिकडेच थांबायची. तिची माय तिकडेच. आता तू डॉक्टर झालीस म्हणून काय आमी पुढे जाऊन थांबू?”

“तसं नाही गं. आणि कळशी वर का धरता?”

“वर धरायचीच असते.”

“देवाला?”

“तूच लिहिलंस ना तसं? ब्रेंडनने वाचून दाखवलं मला. लय भारी लिहिलंय. मला तर कायच ठाऊक नव्हतं.”

पर्लचे कान गरम झाले. तिने लिहिलं होतं खरं: कळशी आकाशाकडे उचलणं म्हणजे धर्मांतराच्या आधीच्या जलपूजेचा अवशेष, आणि डोक्यावर पदर घेणं म्हणजे देवतेसमोरची लीनता. दोन पानं लिहिली होती, आणि सुचित्रा मॅडमनी आज नेमकी तीच दोन पानं वाखाणली होती. तिने विचारलं, “पण किती वेळ धरायची, ते कसं कळतं?”

“हात भरून येईस्तोवर.”

“रिकाम्या कळशीने?”

मावशीने आरशातून तिच्याकडे बघितलं. “आता ते तुझ्या कॉलेजात विचार,” ती म्हणाली आणि कळशी शोधायला आत गेली.

हात भरून येईस्तोवर. पर्ल पडवीत येऊन उभी राहिली. घरातल्या बायका जमत होत्या, बँडवाला ट्रम्पेट फुंकून बघत होता, ब्रेंडन नवऱ्यामुलाला शोभेल असा घाबरलेला होता आणि कोणीतरी त्याला फुगा भरवत होतं. तिला त्या रिकाम्या कळशा आठवल्या, खांद्यावरून बघितलेल्या. सरळ वर नसायच्या त्या. आकाशाकडे नसायच्या. तोंडं थोडी कलती असायची, सगळ्यांची एकाच बाजूला, आणि हे दर वेळी तिच्या डोळ्यांसमोर होतं, फक्त तिने नीट बघितलं नव्हतं. कुठल्या बाजूला? तिने डोळे मिटले तरी दिसेना. खालून दिसणार नाही, असं तिला वाटलं. आजवर ती मिरवणुकीत होती नाहीतर मिरवणुकीच्या मागे कॅमेरा घेऊन होती. वरून तिने हे कधीच बघितलं नव्हतं. मावशीने हाक मारली, “पर्ल, तुझी कळशी घे,” आणि पर्ल “आलेच” म्हणून समोरच्या चाळीचा जिना चढली. खोटं बोलल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही.

पहिल्या मजल्यावर त्या जागेच्या नेमकी वर जी खोली होती तिथे सुभद्रा आजी राहत. त्यांचे सासरे मालवणाकडून गिरणीत आले, नवरा गिरणीत, मुलगा कुरिअर कंपनीत. नातसून रुपाली बँकेत होती आणि पर्लशी येताजाता बोलणारी होती. दार उघडंच होतं. रुपाली मोबाइल चार्जिंगला लावत होती. “अरे, तू इकडे कशी? लग्न तिकडे आहे ना?” ती म्हणाली. पर्लने गॅलरीतून बघायचंय असं सांगितलं. “बघ की. फक्त आजींच्या हंड्याला पाय लावू नकोस. सकाळपासून चिंचेने घासतायत. तुमच्या घरी लग्न म्हणजे आमच्या घरी हंडा.”

गॅलरीच्या टोकाला, कठड्याला टेकून, तांब्याचा मोठा हंडा होता. काठोकाठ भरलेला. सुभद्रा आजी शेजारी पाटावर बसून पदराने त्याचा काठ पुसत होत्या. ऐंशीच्या पुढच्या, किरकोळ, पण मनगटं अजून कामातली. पर्ल त्यांच्या शेजारी बसली. खाली वाकून बघायची गरज नव्हती. कठड्याच्या गजांमधून ती जागा बरोबर पायाखाली दिसत होती, स्कूटर हलवल्यानंतरच्या तेलाच्या डागासकट.

“हंडा कशाला भरलात, आजी?”

“बँड वाजलो की सासू भरून ठेवी. मीय ठेवतंय,” आजी म्हणाल्या. “समोर लगीनघर, भरलेलां भांडां दारात असलेलां बरां.”

“इथेच ठेवायच्या त्या? या कोपऱ्यात?”

“हयच. एकदा आत ठेवूक गेलंय तर माका ओरडली. हंडो कठड्याक व्हयो, म्हणाली. कित्याक ता काय सांगूक नाय. तेव्हा सासूक कोण विचारी?”

“आणि मग या पाण्याचं काय करता?”

“सकाळी तुळशीक घालतंय.”

पर्लने हंड्याखालची फरशी पाहिली. मग खालची जागा पाहिली. तिने हळूच विचारलं, “आजी, खाली त्या बायका कळशा वर करतात. त्या कशाला, असं तुम्हाला वाटतं?”

आजी थोड्या लाजल्या. “माका दाखवतत. शेजारी म्हणान. मी नमस्कार करतंय हयसून.” मग हंड्याचा काठ पुन्हा पुसत म्हणाल्या, “कोण बघना नाय वर. पण करतंय.”

खाली बँड सुरू झाला. मिरवणूक आधी वाडीच्या तोंडापर्यंत जाऊन वळसा घालून यायची, नाहीतर दारातून निघून दारात संपली असती. पर्लकडे तेवढा वेळ होता. विहीर बुजली. पाणी कुठे उरलं? चाळीत. चाळीच्या गॅलऱ्यांत नळ आधी आले, वाडीतल्या घरांना नंतर. कधीतरी, कुणाच्या तरी लग्नात, लाल लुगड्यातल्या बायका रिकाम्या कळशा घेऊन बाहेर पडल्या आणि त्यांना जायला जागाच नव्हती. आणि या कठड्यावरून कोणीतरी म्हणालं, उभ्या राहा गो खाली. पाणी उडतं म्हणून पदर डोक्यावर. धार कलती येते म्हणून कळशी कलती. भरेपर्यंत धरायची म्हणून हात भरून येईस्तोवर. पुढे वाडीच्या तोंडाशी नळ आला, वरून पाणी मागायची गरज राहिली नाही, आणि दोन्ही घरांनी आपापलं अर्धं तेवढं सांभाळून ठेवलं. खालच्यांनी कळशी वर धरली. वरच्यांनी हंडा भरून ठेवला. मधलं पाणी तेवढं गळलं. असं झालं असेल. असंच झालं असेल असं तिला मनापासून वाटलं, आणि तेव्हाच सुचित्रा मॅडमचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. याला पुरावा काय? सांगणारी सासू गेली. ओतणाऱ्या गेल्या. कुठल्याही दप्तरात हे असणार नाही, कारण लग्नात शेजारणीने पाणी दिलं ही काही नोंद करायची गोष्ट नव्हती.

आणि विहीर तर गेलीच. तिची अख्खी कल्पना, थांबा म्हणजे विहीर, तिच्या स्वतःच्या दारात खोटी ठरली होती. वाडीत कोणाचं त्याने काही अडलं नसतं, पण त्या लांबट खोलीत हे चालणार नव्हतं. स्वप्नीलचं टिपण अजूनही लिहिता येण्यासारखं होतं. दोन पानं, मौखिक परंपरा ठाम आहे. दोन वर्षं, दारावर नाव, स्वतःचं कपाट. पर्लला ते कपाट हवं होतं. पण तिला हेही कळलं की सोमवारच्या टिपणाचं पहिलं वाक्य तयार झालंय आणि ते आता बदलणार नाही: ‘इथे विहीर नव्हती.’ त्यापुढे काय लिहायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि ते बघण्याची तिला भयंकर उत्सुकता होती.

मिरवणूक वळली. विल्मा मावशी सगळ्यांच्या पुढे, पर्ल कुठे राहिली म्हणून मान वळवून बघत. बायका त्या जागी आल्या, बँड थांबला. पदर पुढे ओढले गेले. कळशा वर आल्या, आणि वरून अगदी स्पष्ट दिसत होतं: सगळी तोंडं याच कठड्याकडे कललेली होती. एकही मान वर नव्हती. शेजारी सुभद्रा आजींनी सवयीने हात जोडले.

पर्लने हंड्याच्या काठाला हात घातला. “अगं, काय करतेस? मावशी भिजतील,” रुपाली मागून म्हणाली. हंडा जड होता, कठड्यावर तो नुसता टेकवेपर्यंत पर्लला दोनदा थांबावं लागलं. मग हंड्याखालून आणखी दोन हात आले. आजींनी नमस्कार सोडला होता. त्यांनी हंड्याचा तळ धरला आणि हळूहळू कलता केला, घाई न करता; हे काही सासूने शिकवलेलं नव्हतं.

पहिलं पाणी मावशीच्या पदरावर पडलं. खाली कोणीतरी किंचाळलं, कोणीतरी हसलं. मावशी हलली नाही. तिने वर बघितलं नाही. तिने फक्त कळशी थोडी पुढे सरकवली, धारेखाली, आणि रिकाम्या पितळेत पाणी पडल्याचा आवाज वाडीत ऐकू आला. मग तो आवाज भरदार होत गेला. बाकीच्या बायका कळशा वर धरूनच थांबल्या होत्या, आपली पाळी येईल म्हणून. मावशीचे हात भरून आले, कोपरं वाकली, तरी तिने कळशी खाली घेतली नाही.

“पुरे गं,” तिने शेवटी खालून सांगितलं. “भरली.”